तिकीट आलंय, पण कशाचं?

पत्र : मी घरकामगार बायकांच्या संघटनेची अध्यक्ष आहे. धुणीभांडी, स्वयंपाक, मुलं आणि म्हातारी माणसं सांभाळणं ही आमची कामं. सभासद आठशेच्या आसपास. मागण्या जुन्याच आहेत : किमान वेतन ठरवा, आठवड्याची हक्काची सुट्टी द्या, आजारपणातले खाडे कापू नका. मोर्चे काढले, निवेदनं दिली, पेपरात फोटो आले, पुढे काही झालं नाही. आता महापालिकेच्या निवडणुकीत आमचा प्रभाग महिलांसाठी राखीव निघालाय आणि एका पक्षाने मला उभं राहण्याबद्दल विचारलंय. निम्म्या बायका म्हणतात, ताई, जा, आत गेल्याशिवाय काही होत नाही. निम्म्या म्हणतात, तू गेलीस की संघटना संपली. कायदा बाहेरून बदलतो की आत जाऊन? आम्ही आयुष्यभर निवेदनंच देत राहायचं का? – एक कार्यकर्ती

ताई,

पुढे लांबण लावणार आहे, म्हणून उत्तर आधीच देऊन टाकते. हे तिकीट या वेळी घेऊ नका. निवडणूक वाईट असते किंवा राजकारणात गेलं की माणूस बिघडतो, असलं काही मी म्हणणार नाही. ते म्हणणारे लोक मतदानाच्या दिवशी फिरायला गेलेले असतात. माझा आक्षेप साधा आहे : तुम्हाला जे हवंय ते या तिकिटाने पोचता येईल अशा जागी नाहीच.

तुमच्या तीन मागण्या बघा. वेतन, सुट्टी, आजारपणाची रजा. तिन्ही कामगार कायद्याच्या. घटनेत कामगार हा विषय समवर्ती सूचीत आहे, म्हणजे त्यावर कायदा करते संसद किंवा विधानसभा. नगरसेवकाला त्यातलं एक अक्षर बदलता येत नाही. नगरसेविका झालात तर पाळणाघर सुरू करायला लावता येईल, सार्वजनिक स्वच्छतागृह बांधून घेता येईल, पालिकेच्या दवाखान्याची वेळ संध्याकाळची करून घेता येईल. ही कामं लहान नाहीत. सकाळी सहाला घर सोडणाऱ्या बाईला सकाळच्या ओपीडीचा काय उपयोग, हे तुमच्याइतकं कुणाला कळणार? पण मग सभासदांना तसं सांगून उभं राहावं लागेल. किमान वेतनाच्या घोषणेवर मतं मागायची आणि निवडून आल्यावर ‘ते माझ्या हातात नाही’ म्हणायचं, हे पहिल्याच वर्षी अंगाशी येईल.

शिवाय पक्षाला तुम्हीच का आठवलात, तेही तुमच्याच पत्रात आहे. प्रभाग राखीव निघाला. बाई हवी, ओळखीची हवी, मागे माणसं असलेली हवी. यात चुकीचं काही नाही, राखीव जागा त्यासाठीच असतात आणि त्यातून कितीतरी बायका पुढे आल्या आहेत. फक्त पक्षाला तुमची मागणी आठवलेली नाही, तुमची यादी आठवली आहे, हे लक्षात घ्या.

आता तुमचा मोठा प्रश्न, बाहेरून की आतून. मला वाटतं तो जरा वेगळ्या तऱ्हेने विचारायला हवा : आपलं घोडं नेमकं अडलंय कुठे? लोकांना मागणीच पटत नाही तिथे, की पटते पण कायद्यात नाही तिथे, की कायद्यात आहे पण कुणी पाळत नाही तिथे? तिन्ही ठिकाणी लागणारी ताकद वेगवेगळी असते, आणि निवडून आलेला माणूस त्यातल्या मधल्याच टप्प्यावर खऱ्या उपयोगाचा असतो.

महाडचं उदाहरण घ्या. चवदार तळं म्हटलं की आपल्याला 1927 चा सत्याग्रह आठवतो. पण तळं खुलं करण्याचा ठराव त्याआधीचा आहे. 1923 साली मुंबई विधिमंडळात सी. के. बोले यांनी ठराव मांडला आणि तो मंजूर झाला : सरकारी पैशातून चालणारी पाणवठे, धर्मशाळा, शाळा अशी सार्वजनिक ठिकाणं अस्पृश्यांना खुली असावीत. महाडच्या नगरपालिकेने 1924 मध्ये तसा ठरावही केला. म्हणजे विधिमंडळ झालं, नगरपालिका झाली, कागद पुरा झाला, आणि तळ्यावर कुणाला पाऊल टाकता येईना. मार्च 1927 मध्ये बाबासाहेब हजारो माणसं घेऊन तळ्यावर गेले तेव्हा तो ठराव पहिल्यांदा जमिनीवर आला. त्यानंतर काय झालं, तर त्याच नगरपालिकेने काही महिन्यांत आपला ठराव मागे घेतला. प्रकरण कोर्टात गेलं आणि उच्च न्यायालयाचा निकाल लागायला 1937 साल उजाडलं. निवडून आलेल्यांनी दिलेला हक्क निवडून आलेल्यांनीच परत घेतला, आणि तो टिकवून धरला तो सभागृहाबाहेरच्या लोकांनी.

म्हणून ‘आत गेल्याशिवाय काही होत नाही’ हे मला अर्धंच खरं वाटतं.

तुमच्याच क्षेत्रातलं बघू. महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा 2008 साली झाला. त्याआधी, 1969 साली, माथाडी कामगारांचा कायदा झाला होता. दोन्हींत ‘मंडळ’ आहे, पण जात वेगळी. माथाडीत मालकाला नोंदणी करावी लागते, मजुरी मंडळाकडे भरावी लागते, वर लेव्ही, म्हणजे मजुरीवर ठरावीक टक्के रक्कम, भरावी लागते. हमालाचा पगार मंडळाकडून येतो आणि लेव्हीतून त्याची भरपगारी सुट्टी, भविष्यनिर्वाह निधी असे खर्च भागतात. घरेलू कामगारांच्या कायद्यात नोंदणी आहे, कल्याणाच्या योजना आहेत, पण तुम्हाला कामावर ठेवणाऱ्या कुटुंबावर पगाराचं किंवा सुट्टीचं बंधन नाही. एका कायद्याने मालकाला बांधलं, दुसऱ्याने फक्त कामगाराचं नाव लिहून घेतलं.

हा फरक का पडला? माथाडींच्या मागे अण्णासाहेब पाटलांनी उभी केलेली संघटना होती आणि बाजारातला माल उचलणं थांबवायची ताकद होती, हे तर आहेच. पण माझ्या मते खरी मेख दुसरीकडे आहे, आणि तुमच्या सभेत ती उघडपणे बोलली जावी. माथाडींसमोर व्यापारी होते. व्यापाऱ्यांना दुखावलं तर पक्षाची देणगी कमी होते, मतं फारशी कमी होत नाहीत. तुमच्यासमोर कोण आहे? प्रत्येक सोसायटीतलं प्रत्येक कुटुंब. तुमचा मालक मतदार आहे, आणि तो सगळ्या पक्षांत आहे. तुम्हाला तिकीट देऊ करणाऱ्या पक्षाच्या शहराध्यक्षाच्या घरी कामाला कोण येतं आणि तिला सुट्टी मिळते का, हे एकदा विचारून बघा. तुमची निवेदनं फायलीत पडून राहतात ती सगळी आळसामुळे नाही. दोन्ही बाजूंना मतदार असले की राजकारणी माणूस जे करतो तेच ते करतात : गप्प बसतात.

तेव्हा मुद्दा असा, की त्यांचं गप्प बसणं महाग कसं करायचं. यासाठी उमेदवार व्हावंच लागतं असं नाही. उलट अलीकडचा अनुभव विचारात पाडणारा आहे. सप्टेंबर 2020 मध्ये संसदेत मंजूर झालेले तीन कृषी कायदे नोव्हेंबर 2021 मध्ये मागे घेतले गेले. दिल्लीच्या सीमेवर शेतकरी वर्षभर बसून होते, हे त्याचं एक कारण. उत्तर प्रदेश आणि पंजाबच्या निवडणुका दोन-तीन महिन्यांवर आल्या होत्या, हेही ध्यानात घेतलं पाहिजे. पण गोष्ट इथे संपत नाही. त्या आंदोलनातल्या पंजाबच्या बऱ्याच संघटनांनी एकत्र येऊन ‘संयुक्त समाज मोर्चा’ नावाची राजकीय आघाडी काढली आणि 2022 ची निवडणूक लढवली. एकही जागा आली नाही. ज्यांच्यासाठी गावंच्या गावं ट्रॅक्टर घेऊन गेली, त्यांनाच मत द्यायची वेळ आल्यावर लोकांनी दुसरा विचार केला. निवडणूक त्यांच्या कामी आली ती ते उमेदवार नसताना.

मणिपूरच्या इरोम शर्मिलांचंही तेच. सशस्त्र दलांच्या विशेषाधिकार कायद्याविरुद्ध नोव्हेंबर 2000 पासून त्यांनी उपोषण केलं, ते 2016 मध्ये सोडलं, आणि 2017 साली मुख्यमंत्र्यांच्या विरोधात विधानसभेला उभ्या राहिल्या. मतं पडली 90. जगभर नाव असलेल्या बाईला 90! याला लोकांचा कृतघ्नपणा म्हणणं सोपं आहे, मी म्हणणार नाही. मतदार मत देताना दाखला कोण मिळवून देईल, पोलिस ठाण्यात कोण येईल, पुढच्या पाच वर्षांत कोण भेटेल, हे बघतो. आदर आणि मत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुमच्या आठशे सभासदांचा आदर तुमच्याकडे आहे. मतं मोजली आहेत का?

मोजा. मला तर हेच पहिलं काम वाटतं. तुमच्या बायका राहतात एका प्रभागात, कामाला जातात दुसऱ्या, आणि कित्येकींचं नाव अजून गावच्या मतदारयादीत असणार. काहींचं कुठेच नसेल. घरोघर जाऊन नमुना 6 भरून घ्या, पत्ता बदललेल्यांचा नमुना 8. महापालिकेसाठी विधानसभेचीच यादी एका ठरावीक तारखेला गोठवून वापरतात, त्यामुळे आत्ता भरलेले अर्ज या निवडणुकीला कदाचित उपयोगी पडणार नाहीत. पण तुमचा कायदा होणार आहे विधानसभेत, आणि तिथवर ही यादी तयार असेल. एखाद्या मतदारसंघात आठशेच्या आठ हजार घरकामगार नावानिशी दाखवता आल्या की मग तुम्हाला मंत्रालयात चकरा माराव्या लागणार नाहीत, उमेदवारच चहाला येईल.

ही युक्ती नवीन नाही आणि नेहमी पुण्यकर्मासाठीच वापरली गेली असंही नाही. अमेरिकेत 1893 साली दारूबंदीसाठी अँटी-सलून लीग निघाली. त्यांनी स्वतःचा पक्ष काढायच्या भानगडीत न पडता एकच प्रश्न विचारायला सुरुवात केली : तू दारूबंदीला मत देशील का? देणार असशील तर तू कुठल्या पक्षाचा, बाकी कसा, स्वतः पितोस का, याच्याशी आम्हाला देणंघेणं नाही. चुरशीच्या लढतीत थोडी मतं इकडची तिकडे करण्याएवढी त्यांची ताकद, पण तेवढ्यावर 1919 मध्ये थेट घटनादुरुस्ती करून घेतली. म्हणजे पद्धत म्हणून ती कमालीची यशस्वी. पुढे काय झालं तेही सांगायला हवं. कायदा झाला पण लोकांच्या गळी उतरला नाही, चोरटी दारू आणि गुंडांच्या टोळ्या फोफावल्या, आणि 1933 साली दुसऱ्या घटनादुरुस्तीने पहिली रद्द करावी लागली. खालचं काम कच्चं ठेवून वरचा कायदा मिळवला की असं होतं. तुमच्या बाबतीत खालचं काम म्हणजे सोसायट्या. आठवड्याची सुट्टी आजच कबूल करणारी घरं किती आहेत? त्यांना पुढे आणा. एखाद्या गृहसंकुलाने ठराव करून चार सुट्ट्या मान्य केल्या तर तो कागद मोर्चाच्या फोटोपेक्षा जास्त बोलेल, कारण मग आमदाराला ‘मालक-मतदार चिडतील’ हे कारण सांगता येणार नाही.

निवेदनांना मात्र इतकं हिणवू नका. फक्त ती योग्य दारात आणि योग्य वेळी जावी लागतात. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचं विधेयक 2010 मध्ये संसदेत आलं तेव्हा त्यातून घरकामगारांना चक्क वगळलं होतं. देशभरातल्या घरकामगार आणि महिला संघटनांनी ओरड केली, विधेयक स्थायी समितीकडे गेलं होतं तिथे लेखी म्हणणं मांडलं, आणि 2013 मध्ये जो कायदा झाला त्यात घरकामगार आल्या. त्या संसदेत घरकामगारांची एकही खासदार नव्हती. आमदार-खासदार भाषण सभागृहात करतात, पण कलमं शिवली-उसवली जातात ती समितीत, विभागाच्या सचिवाच्या टेबलावर, नियम करताना. तुम्ही मंत्र्याला निवेदन देता आणि फोटो काढता. विधेयकाचा मसुदा हरकतींसाठी निघतो तेव्हा त्या तीस-साठ दिवसांत तुमच्या हरकती किती गेल्या होत्या?

कित्येकदा विधेयकही लागत नाही. कर्नाटकने 2004 साली घरकामाला किमान वेतन लागू केलं ते सरकारी अधिसूचनेने. आठवड्याच्या सुट्टीचं म्हणाल तर आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा 2011 चा 189 वा करार घरकामगारांना सलग 24 तासांची साप्ताहिक विश्रांती देतो. भारताने तेव्हा बाजूने मत दिलं आणि अनुसमर्थन मात्र केलं नाही, म्हणजे तो स्वतःवर बंधनकारक करून घेतला नाही. विधानसभेच्या उमेदवारांना विचारायला हे दोन प्रश्न हाताशी ठेवा. ‘घरकामगारांसाठी तुम्ही काय करणार?’ असं विचारलंत तर प्रत्येक जण छत्र्या वाटीन म्हणेल.

आता दुसरी बाजू. राजकारण कधीच करू नका, असं मी म्हणत नाही. माहितीचा अधिकार मिळाला त्यात राजस्थानातल्या मजुरांनी रोजगाराच्या कामांचे हजेरीपट मागण्यापासून सुरुवात केली, 1996 मध्ये ब्यावरला धरणं धरलं, हे सगळं खरं. पण 2004 मध्ये केंद्रात सरकार बदललं, नव्या आघाडीच्या किमान समान कार्यक्रमात या कायद्याचं वचन होतं, म्हणून 2005 मध्ये देशभराचा कायदा झाला. चळवळीने पीक तयार ठेवलं होतं तरी पाऊस निवडणुकीचाच होता. आणि 2019 मध्ये वेगळ्या बहुमताने माहिती आयुक्तांचा कार्यकाळ आणि वेतन ठरवण्याचा अधिकार केंद्र सरकारकडे घेतला, तेव्हा रस्त्यावरच्या लोकांना ते थांबवता आलं नाही. सभागृहात आपलं कुणी नसण्याची किंमत असते.

स्वतः उतरण्याचीही वेळ येते. बाबासाहेबांनी 1936 मध्ये स्वतंत्र मजूर पक्ष काढला, पुढच्या वर्षी मुंबई विधानसभेत डझनाहून जास्त आमदार निवडून आणले आणि खोती, म्हणजे कोकणातली जमीनदारी, नष्ट करण्याचं विधेयक मांडलं. जानेवारी 1938 मध्ये कोकणातल्या कुळांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर नेला. एकाच वेळी आत विधेयक आणि दारात कुळं. तरीही ते विधेयक तेव्हा झालं नाही. खोती कायद्याने गेली 1949 साली, दुसऱ्यांच्या बहुमतावर. पण कोकणातली कुळं तोवर गप्प बसली नव्हती. संयुक्त महाराष्ट्र समितीने 1957 मध्ये पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसला धूळ चारली ती निवडणुकीतच, आणि 1960 मध्ये राज्य मिळालं. मागणी पुरी झाल्यावर समिती विसकटली आणि 1962 मध्ये काँग्रेस मोठ्या बहुमताने परत आली. एका मागणीवर बांधलेली मोट अशीच सुटते, तो काही पराभव नव्हे.

या दोन्हींत आणि तुमच्या तिकिटात फरक हा, की ते आपला पक्ष किंवा आपली आघाडी घेऊन गेले होते. तुम्ही दुसऱ्याच्या एबी फॉर्मवर, म्हणजे दुसऱ्या पक्षाच्या अधिकृत उमेदवारीवर जाणार. 1986 च्या कायद्याने महाराष्ट्रात पक्षांतरबंदी नगरसेवकांनाही लागू आहे. पक्षाचा व्हीप निघाला आणि तुम्ही उलट मत दिलंत तर पद जाऊ शकतं. उद्या पालिकेत ठेकेदारीने सफाई कामगार घेण्याचा ठराव आला आणि पक्षाने हात वर करायला सांगितलं, तर घरकामगार संघटनेची अध्यक्ष काय करेल? याचं उत्तर तिकिटाची चर्चा होतेय तोवर मागा. नंतर कुणी देत नाही.

आणि ज्या बायका म्हणतात, तू गेलीस की संघटना संपली, त्यांचं बोलणं तुम्ही प्रेम म्हणून घेतलंय असं पत्रावरून वाटतं. मला ती तक्रार वाटते. एका माणसाच्या जाण्याने संपणारी संघटना त्या माणसाच्या राहण्यानेही फार पुढे जात नाही. कामगार आयुक्तांकडे तुमच्याशिवाय कोण बोलू शकतं? हिशेब कुणाला येतो? पगार बुडवणाऱ्या घरी जाऊन, आवाज न चढवता, पैसे वसूल करणाऱ्या चारजणी तयार आहेत का? पुढची दोन-तीन वर्षं यात घाला. मग विधानसभेच्या वेळी तिकीट आलं, किंवा तुम्हीच अपक्ष उतरायचं ठरवलं, तर ‘ताई गेली’ असं कुणी म्हणणार नाही.

माझं न ऐकता तुम्ही याच वेळी उभ्या राहिलात तर मला राग नाही, पण दोन कामं आधी करा. अध्यक्षपद अर्ज भरायच्या आधी सोडा, निकालाची वाट बघू नका. हरलेली उमेदवार पुन्हा अध्यक्ष म्हणून दुसऱ्या पक्षाच्या मंत्र्याकडे गेली की पहिली दहा मिनिटं टोमणे ऐकण्यात जातात. आणि संघटनेच्या पैशाला हात लावू नका. तुमची युनियन नोंदणीकृत असेल तर सर्वसाधारण निधी निवडणुकीवर खर्च करता येत नाही. 1926 च्या ट्रेड युनियन कायद्यापासून हा दंडक आहे : राजकारणासाठी वेगळा निधी, तो ऐच्छिक, आणि त्यात पैसे न घालणाऱ्या सभासदाचे हक्क कमी करता येत नाहीत. तुमच्या निम्म्या बायका विरोधात आहेत. त्यांची वर्गणी त्यांना न विचारता पत्रकं छापण्यात गेली, तर जिंकून आलात तरी त्या परत यायच्या नाहीत.